बॉल पोचला

मला जर्मन येत नाही, पण त्या भाषेतली तीन छोटी वाक्यं पाठ आहेत. १३ जुलै २०१४, रिओचं माराकाना स्टेडियम, वर्ल्ड कपची फायनल, जादा वेळेतलं ११३वं मिनिट. जर्मनीच्या एआरडी वाहिनीवर टॉम बार्टेल्स बोलत होते. डाव्या कडेनं आंद्रे शुर्ले पळत निघाला, त्यानं बॉल आत उचलला आणि बार्टेल्स म्हणाले, 'डेअर कोम्ट आन.' पोचतोय हा. मग, 'माख ईन! माख ईन!' टाक! टाक! आणि मग त्यांचा आवाज फुटला, 'एअर माख्ट ईन!' टाकला!

टाकणारा मारिओ गोत्झे. छातीवर बॉल घेतला, खाली पडायच्या आत डाव्या पायानं जाळ्यात मारला. जर्मनी १, अर्जेंटिना ०. चौथा वर्ल्ड कप. पुढची दोन वाक्यं जर्मनीत आता पोराटोरांना पाठ असतील. मी मात्र अडकून बसलोय पहिल्या वाक्यात. पोचतोय हा.

आम्ही ती मॅच कोल्हापुरात घरी बघितली, टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करून. आण्णा आतल्या खोलीत झोपले होते, त्यांना सकाळी लवकर उठायचं होतं. बाहेर पाऊस, रात्रीचे जवळजवळ तीन. मॅचच्या दिवसांत आमच्या पेठेत गल्लीगल्लीवर झेंडे असतात आणि त्या रात्री निम्मी पेठ मेस्सीची होती. मी आणि दादा जमिनीवर गादी टाकून बसलेलो. गोल झाला, मी तोंडावर हात दाबून उभा राहिलो. दादा बसूनच होता. तो हळू आवाजात म्हणाला, "गोल काय बघतोस भावा. बॉल कुणी दिला ते बघ."

रिप्ले लागला. दादानं बोट पडद्यावर टेकवलं. "उजव्या पायाचा आहे तो. आत वळला असता तर सोपं होतं त्याला. बाहेरनं गेला. आणि डाव्यानं दिला."

दादा आमच्या पेठेच्या टीमला आठ सीझन डाव्या कडेनं खेळला. तोही उजव्या पायाचा. कडेनं गोलसमोर टाकलेल्या बॉलला, म्हणजे क्रॉसला, तो अजून जुन्या माणसांसारखं 'सेंटर' म्हणतो. विंगर म्हणजे काय हे मला पुस्तकानं शिकवलं नाही, शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवरून दादाकडे बघून मला ते कळलं. मैदानाच्या कडेचा माणूस. मागे सरकायला जागा नाही, एका बाजूला चुन्याची रेघ, तिच्या पलीकडे गर्दी. सगळ्यात जास्त शिव्या त्यालाच ऐकू येतात, कारण तोच सगळ्यात जवळ असतो. उजव्या पायाचा माणूस डाव्या कडेला उभा केला की तो साधारण आत वळतो, उजव्या पायावर बॉल घेतो आणि गोलकडे मारतो. हल्लीचं सगळं फुटबॉल या वळणावर चालतं. शुर्लेनंही आयुष्यभर हेच केलं, त्याचे बरेचसे देखणे गोल असेच आलेत. बचाव करणाऱ्यालाही ते ठाऊक असतं, म्हणून तो आतली वाट धरून उभा राहतो. जी वाट कुणी राखत नाही ती बाहेरची. तिथून जायचं तर पाय कच्चा आणि जागा हातभर. ११३ मिनिटं झाल्यावर, अर्जेंटिनाचे दोघं अंगावर असताना शुर्ले त्या वाटेनं गेला.

त्यानंतर मी या माणसाच्या मागावरच राहिलो.

त्याचा जन्म ६ नोव्हेंबर १९९० चा, ऱ्हाइन नदीकाठच्या लुडविग्जहाफेनचा. बीएएसएफच्या रासायनिक कारखान्यांचं गाव. त्याच्या जन्माच्या महिनाभर आधी, ३ ऑक्टोबरला, दोन जर्मनी एक झाले होते. वीस वर्षांनी, १७ नोव्हेंबर २०१० ला गोथेनबर्गमध्ये स्वीडनविरुद्ध एक साधी मैत्रीपूर्ण मॅच होती. ०-० सुटली, कुणाच्या लक्षात राहायचं काही कारण नाही. पण शेवटच्या दहा-बारा मिनिटांसाठी जर्मनीचे प्रशिक्षक योआखिम लोव यांनी दोन पोरं एकदमच मैदानात पाठवली. एकत्र आलेल्या देशात जन्मलेले जर्मन संघाचे हे पहिले दोन खेळाडू. एक शुर्ले, दुसरा गोत्झे. चार वर्षांनंतरच्या त्या बॉलचं हे एक टोक आहे, असं मला वाटत राहतं.

तेव्हा शुर्ले माइन्झला होता. माइन्झ हा काही मोठा क्लब नाही. कार्निव्हलचं शहर, ब्रुखवेगचं लहानसं स्टेडियम, आणि थॉमस टुखेल नावाचा तरुण प्रशिक्षक. याच टुखेलच्या हाताखाली शुर्ले २००९ मध्ये माइन्झकडून एकोणीस वर्षांखालचा जर्मन विजेता झाला होता. २०१०-११ च्या मोसमात माइन्झनं बुंडेसलीगाच्या, म्हणजे जर्मनीतल्या सगळ्यात वरच्या लीगच्या, पहिल्या सातच्या सात मॅच जिंकल्या, त्यात म्युनिकला जाऊन बायर्नला २-१ नं हरवलं. गोल झाला की शुर्ले, लुइस होल्टबी आणि आडाम सलाय कॉर्नरच्या झेंड्याकडे धावत जायचे आणि तिथं बँड वाजवायचे, हवेतली गिटार, हवेतले ड्रम. 'ब्रुखवेग बॉईज' म्हणायचे त्यांना. त्या वर्षी शुर्लेनं लीगमध्ये १५ गोल केले. ते व्हिडिओ बघताना मला दरवेळी त्याचा चेहरा बघावासा वाटतो. विशीतला पोरगा, खेळ अजून खेळच आहे.

मग लेव्हरकुसेन, आणि २०१३ मध्ये लंडन, चेल्सी. तिथलं त्याचं काम एका मॅचमध्ये दिसतं. एप्रिल २०१४, चॅम्पियन्स लीग, पॅरिसविरुद्ध. पहिली लढत चेल्सी ३-१ नं हरली होती. परतीच्या लढतीत सुरुवातीलाच एडन हॅझार्ड जखमी होऊन बाहेर गेला. शुर्ले आत आला, पहिला गोल त्यानं मारला, शेवटी डेम्बा बानं दुसरा मारला आणि चेल्सी पुढे गेली. दुसऱ्या दिवशी चर्चा बाची आणि चेल्सीचे प्रशिक्षक मोरिन्होंच्या पळत जाण्याची. त्याच्या आधीच्या महिन्यात फुलहॅमच्या क्रेव्हन कॉटेजवर शुर्लेनं सोळा मिनिटांत तीन गोल केले होते. त्या मैदानाचं नाव लक्षात ठेवा, ते परत येणार आहे.

ब्राझीलमधल्या वर्ल्ड कपमध्ये शुर्ले एकाही मॅचला पहिल्या अकरात नव्हता. एकाही. दरवेळी बाकावरून उठून आला. अल्जेरियाविरुद्ध पोर्तो अलेग्रेला जर्मनीचं काही जुळत नव्हतं, मध्यंतराला लोवनी गोत्झेला बसवून त्याला आणलं. जादा वेळेच्या दुसऱ्याच मिनिटाला म्युलरचा पास त्याच्या जरासा मागे आला, तो त्यानं टाचेनं वळवून आत ढकलला. तो गोल झाला नसता तर जर्मनीचं काय झालं असतं, हे त्या रात्रीचा खेळ बघितलेला कुणीही सांगेल. सेमीफायनलला ब्राझीलविरुद्ध बेलो होरिझोंतेमध्ये मिरोस्लाव क्लोजेच्या जागी आला आणि सात गोलांमधला सहावा व सातवा त्याचा. सातवा तर वरच्या दांड्याच्या पोटाला लागून आत गेला. पण तोवर ब्राझीलची माणसं रडत होती, आणि क्लोजेचा सोळावा गोल, वर्ल्ड कपचा विक्रम, तेवीस मिनिटांतच होऊन गेला होता. सहावा आणि सातवा गोल कुणाचा, हे त्या रात्री कोण विचारणार.

फायनलला तर तो एकाच्या दुखापतीवर दुसऱ्याची दुखापत झाल्यामुळे आला. सराव करता करता सामी खेदिराची पोटरी दुखावली, ऐनवेळी ख्रिस्तोफ क्रामरला घेतलं. क्रामरच्या डोक्याला असा मार बसला की त्यानं पंच रिझोलींना विचारलं, ही फायनल आहे का? अर्धा तास उलटल्यावर तो बाहेर, शुर्ले आत. सामना संपायला दोन मिनिटं असताना क्लोजेच्या जागी गोत्झे आला. लोवनी त्याला सांगितलं होतं, तू मेस्सीपेक्षा चांगला आहेस हे जगाला दाखव. हे वाक्य पुढे जगभर गेलं. शुर्लेला कुणी काय सांगितलं होतं? कडेनं पळ, एवढंच सांगितलं असेल. तो तासाभरापेक्षा जास्त पळत होता.

त्या एका धावेची किंमत किती, हे मोजायची सोय फुटबॉलनं केलेली नाही. आकड्यांच्या तक्त्यात त्याच्या नावापुढे एक असिस्ट आहे. क्रिकेटच्या धावफलकात निदान झेल घेणाऱ्याचं नाव गोलंदाजाच्या आधी छापतात. फुटबॉलमध्ये गोल करणाऱ्याचं नाव पडद्यावर येतं, पास देणाऱ्याचं दुसऱ्या दिवशी पेपरात, बारीक अक्षरात.

पुढचं मी भरभर सांगतो, कारण ते घडलंही तसंच. ऑगस्टमध्ये बर्नलीविरुद्ध चेल्सीनं पासांची एक लांबलचक माळ गुंफली, फाब्रेगासनं न थांबता बॉल आत सोडला, शुर्लेनं तो गोलात घातला, आणि आजही सगळे आठवतात तो फाब्रेगासचा पास. एकदा पास त्याचा असला की लोक गोलवाल्याला आठवतात, गोल त्याचा असला की पासवाल्याला! त्याच शरद ऋतूत आजारपण आलं. फेब्रुवारी २०१५ मध्ये वोल्फ्सबुर्ग, त्या वर्षीचा जर्मन कप. २०१६ मध्ये डॉर्टमुंड, पुन्हा टुखेल. दोन्ही वेळा सुमारे तीन कोटी युरोंचा सौदा. सप्टेंबरमध्ये रिअल माद्रिदविरुद्ध ८७व्या मिनिटाला त्यानं बरोबरीचा गोल ठोकला, तेव्हा मला वाटलं आता लागली गाडी मार्गाला. पण दुखापती सुरू झाल्या, टुखेल गेले, बाक लांब होत गेला. २०१८ च्या वर्ल्ड कपला तो संघात नव्हता. त्याच उन्हाळ्यात उसनवारीवर फुलहॅमला गेला. तेच क्रेव्हन कॉटेज, जिथं त्यानं सोळा मिनिटांत तीन घातले होते. आता ते त्याचं घरचं मैदान होतं, आणि मोसमाअखेर फुलहॅम खालच्या लीगमध्ये गेला. पुढचं वर्ष मॉस्कोत, स्पार्टाककडे. तेही उसनवारीवरच.

जुलै २०२० मध्ये डॉर्टमुंडनं आणि त्यानं करार आपसात संपवला. दोन दिवसांनी त्यानं सांगून टाकलं की मी थांबलो. वय २९. देशासाठी ५७ मॅच, २२ गोल.

'श्पीगेल' या जर्मन साप्ताहिकाला दिलेल्या मुलाखतीत त्यानं कारण सांगितलं ते साधं होतं. खाली जाणं जास्त जास्त खोल होत गेलं, वरचे क्षण कमी कमी होत गेले. या धंद्यात टिकायचं तर सतत एक भूमिका वठवावी लागते, नाहीतर काम जातं आणि दुसरं मिळत नाही. आणि आता मला टाळ्यांची गरज उरलेली नाही.

त्यावर खूप लोक चिडले. एवढे पैसे घेतले, एकोणतिसाव्या वर्षी कसला थकवा, असं लिहिलेलं मी तेव्हा पुष्कळ वाचलं. मला त्या लोकांचं पटत नाही. मनावरचं हे ओझं खरं असतं हे जर्मन फुटबॉलला ठाऊक आहे, त्यांनी त्याची किंमत मोजलेली आहे. गोलकीपर रॉबर्ट एन्के १० नोव्हेंबर २००९ ला गेला. नैराश्य त्यानं वर्षानुवर्षं लपवून ठेवलं होतं, आणि शेवटी स्वतःचा जीव घेतला. शुर्ले तेव्हा नुकता एकोणीस वर्षांचा झाला होता, व्यावसायिक फुटबॉलमधलं त्याचं पहिलंच वर्ष. २०१८ मध्ये पेर मेर्टेसाकर, शुर्लेबरोबरचाच विश्वविजेता, म्हणाला की मॅचच्या आधी त्याला पोटातून ढवळून यायचं, आणि २००६ ची घरची सेमीफायनल हरल्यावर दुःखाबरोबर सुटल्यासारखंही वाटलं होतं. साडेसहा फुटांचा बचावपटू आहे तो. शुर्लेनंतर दोन आठवड्यांत बेनेडिक्ट हॉवेडेसनंही निवृत्ती घेतली, बत्तिसाव्या वर्षी, घरच्यांना वेळ द्यायचा म्हणून. फायनलला जर्मनीच्या डाव्या कडेला पुढे शुर्ले होता आणि त्याच्या मागे, बचावात, हॉवेडेस. ती अख्खी कड एका महिन्यात घरी गेली.

मी ती बातमी दादाला पाठवली. लॉकडाऊनचे दिवस होते, शिरोलीतली त्याची फाउंड्री नुकती परत सुरू झाली होती. मी पुण्यात, तो कोल्हापुरात. रात्रपाळी संपवून सकाळी त्यानं फोन केला.

दादानं सत्ताविसाव्या वर्षी खेळणं सोडलं होतं. पाय शाबूत होते. टीम त्याला सोडायला तयार नव्हती. आण्णांनी दोन महिने त्याच्याशी बोलणं टाकलं, कारण पेठेत ते दादाचे वडील म्हणून ओळखले जात आणि त्यांना ते फार आवडायचं. आईनं दृष्ट काढली. मी तर सगळ्यात वाईट वागलो. कॉलेजातल्या मित्रांदेखत त्याला म्हणालो, भ्यालास का? त्यानं काही उत्तर दिलं नाही. त्यानंतर प्रत्येक लग्नात, प्रत्येक जत्रेत कुणी ना कुणी विचारायचंच, काय रे, का सोडलंस? तो म्हणायचा, शिफ्ट जमंना. आम्ही सगळ्यांनी ते खरं धरलं.

त्या सकाळी फोनवर तो आधी शुर्लेबद्दलच बोलला. किती मॅच, कुठल्या टीमा, लग्न झालंय का. मग म्हणाला, "मला उलटी व्हायची."

"कधी?"

"मॅचच्या आधी. शेवटचे दोन सीझन. स्टेडियमच्या मागच्या भिंतीकडे जायचो, तोंड धुऊन यायचो. जर्सी घातली की हात गार पडायचे. बॉल आला की बरं वाटायचं, पण बॉल येईपर्यंत..." तो थांबला. "बॉल येईपर्यंत लई वेळ असतोय रे कडेला."

मी कित्येक वर्षं शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून त्याला बघितलं होतं. त्याची चाल, त्याचा वेग, तो कुठल्या खांद्यानं फसवतो हे मला डोळे मिटून सांगता आलं असतं. भिंतीमागचं मला दिसलं नव्हतं. मी त्याला सॉरी म्हणालो. कशाबद्दल, असं त्यानं विचारलं, आणि मला सांगता येईना. मग तो म्हणाला, झोपतो आता, आणि फोन ठेवला.

त्या दिवशी मी जर्मन समालोचनासकट ती फीत पहिल्यांदा बघितली. तोवर माझ्या आठवणीत तो गोल मुकाच होता. 'डेअर कोम्ट आन' ऐकलं, अर्थ शोधला, आणि पुन्हा पुन्हा तेवढंच ऐकत बसलो. शुर्ले, बाहेरची वाट, डावा पाय, आणि ते वाक्य. बॉल त्याच्या पायाचा सुटल्यापासून गोत्झेच्या छातीला लागेपर्यंत फार तर सेकंद-सव्वा सेकंद जातो. तेवढ्या वेळात शुर्लेच्या हातात काही नसतं. तो पळता पळता मान वळवून बघत असतो. एखाद्या माणसाच्या कामाचं जे काही करायचं ते करून झालंय आणि निकाल अजून आलेला नाही, असं ते अंतर आहे. दादानं अशी शेकडो सेंटर दिली. त्यातली कितीतरी कुणी घेतलीच नाहीत, डोक्यावरून पलीकडच्या रेघेबाहेर गेली, आणि पायऱ्यांवरून आम्ही ओरडलो.

त्यानंतर शुर्ले काय करतो याची मी मधूनमधून चौकशी ठेवतो. पुढे एका हिवाळ्यात तो पोलंड आणि चेक प्रजासत्ताकाच्या सीमेवरचा स्न्येझ्का हा डोंगर उघड्या अंगानं, नुसत्या चड्डीवर चढला. शून्याखाली बऱ्याच अंशांची थंडी, तोंडावर वारा, बर्फ. शेवटच्या टप्प्यात अंगाला काहीच जाणवेनासं झालं होतं, आयुष्यातली सगळ्यात कठीण गोष्ट होती ती, असं त्यानं नंतर लिहिलं. ज्यानं माराकानावर वर्ल्ड कप उचललाय तो माणूस हे म्हणतोय. लांब पल्ल्याचं धावणं, बर्फाच्या पाण्यात बसणं, हेच सगळं त्यानं लावून घेतलंय. मला आधी ते बघून काळजी वाटली होती, याला अजूनही स्वतःला शिक्षा द्यायची आहे की काय. पण त्याचा चेहरा मी नीट बघितला. ब्रुखवेगच्या झेंड्याजवळ गिटार वाजवणाऱ्या पोराशी तो बराच मिळताजुळता आहे.

गणपतीला घरी गेलो तेव्हा गच्चीवर दादाला मी तो व्हिडिओ दाखवला. त्यानं फोन हातात घेऊन शेवटपर्यंत बघितला. खाली आण्णा आरतीला हाका मारत होते.

"हा तोच नव्हं? सेंटरवाला?"

"तोच."

"एवढ्या थंडीत कशाला चढतोय?"

"त्याला बरं वाटतं."

दादानं व्हिडिओ परत पहिल्यापासून लावला. "स्कोअर नसतोय न्हवं तिथं?"

"नाही."

"मग चढू दे," तो म्हणाला आणि माझा फोन माझ्या हातात देऊन जिना उतरायला लागला.